कर्दळीच्या वाफ्याचं विरजण

साठी उलटलेल्या बाईला कुठेही यायचं आमंत्रण द्या, तिच्या मनात पहिला प्रश्न एकच येतो: तिथे सोय आहे का? नाटकाला कुठल्या थिएटरात जायचं, लक्ष्मी रोडवर कुठल्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर साडी बघायचं नाटक करायचं, मंडईतून परतताना कुठल्या मैत्रिणीकडे चहाच्या निमित्ताने डोकवायचं, हे सगळं आम्हाला पाठ असतं. पुरुषांना यातलं काही कळत नाही. आमच्या ह्यांना तर मुळीच नाही. "निघताना पाणी कमी प्यावं," हा त्यांचा उपाय. स्वतः मात्र सिंहगडाच्या रस्त्यावर कुठलंही झाड पसंत करतात.

माझा तर जन्मच या विषयात गेला. मी आरेखक होते. सरकारी कचेरीत बसून ड्रेनेजच्या नळांचे नकाशे काढायचे. कुठला नळ कुठे वळतो, कुठे किती उतार, चेंबर कुठे, सगळं शाईने सुबक. एकाही नळाचा वास घ्यायची वेळ माझ्यावर आली नाही. कागदावर सगळंच स्वच्छ असतं हो. निवृत्तीनंतर पेठेतलं घर सोडून आम्ही धायरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी फ्लॅट घेतला, तेव्हा वाटलं, सुटलो या नळांतून. कसलं सुटतो!

आमच्या सोसायटीला लागून गावची बाग आहे. सोसायट्या शहरातल्या आणि बाग गावातली, असा इथला कारभार. चिंचेची मोठी झाडं, चालायला फरसबंदी वाट, दोन झोके, आणि कोपऱ्यात पिवळ्या रंगाचं बायकांचं स्वच्छतागृह. त्याच्या दाराला हे भलंमोठं कुलूप. बांधल्यावर थोडे दिवस ते उघडं होतं म्हणे. पण त्याचं पाणी मागच्या चरातून उतारावरच्या पेरूच्या बागेत, थेट विहिरीच्या कडेला जायचं. पेरूवाल्या दादांनी ग्रामपंचायतीत दोनदा सांगितलं, आणि मग एक दिवस पोत्यात सिमेंट भरून नळाचं तोंडच बंद केलं. त्यांचं चुकलं असं मी कधी म्हटलं नाही. माझ्या विहिरीजवळ कोणी असलं पाणी सोडलं असतं, तर मी नुसत्या सिमेंटवर थांबले नसते.

तर त्या कुलपाशी माझी मैत्रीण अडली होती.

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या या वहिनी अमरावतीकडच्या. यजमान गेले, आणि आयटीत नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना इकडे आणलं. मुलगा आणि सून दोघं चांगले, पण सकाळी लॅपटॉपची पाठपिशवी पाठीला अडकली की ती माणसं संध्याकाळपर्यंत घरात नसतात. वहिनी घरात एकट्या. पहिल्याच दिवशी माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "काय वं बाई, तुमच्या पुण्यात दारं काहून लावून घेता? आमच्याकडं मेल्यावरच लावतात." मी म्हटलं, "इथे जिवंतपणी लावतात, म्हणजे नंतर कोणाला त्रास नको." त्या अशा हसल्या की लिफ्टमधला माणूस डोकावून गेला. त्या दिवसापासून आमची गट्टी.

वहिनींना साखर. दर अर्ध्या-पाऊण तासाला जावं लागायचं. त्यामुळे बागेत आमचा घोळका चालायला निघाला की वहिनी जेमतेम एक फेरी मारायच्या, झोक्यापाशी टेकायच्या, गप्पा ऐन रंगात यायच्या, आणि त्यांचा हात चपलेकडे जायचा. "येतो मी," म्हणायच्या. वऱ्हाडात बायकाही 'येतो'च म्हणतात, आणि त्यात परत यायचा वायदा असतो. पण घरी गेल्या की लिफ्ट, कुलूप, जिना, पुन्हा उतरायचा कंटाळा. त्या काही परत यायच्या नाहीत. आम्हालाही सवय झाली होती. त्या उठल्या की आम्ही सरकून बसायचो.

मागच्या कोजागिरीला मात्र मला ते फार लागलं. बागेत आम्ही भोंडला केला होता. पाटावर हत्ती, त्याभोवती गोल, गाणी, आणि शेवटी खिरापत ओळखायची. प्रत्येकीने झाकलेला डबा आणायचा, बाकीच्यांनी नावं घ्यायची, आणि ओळखलं नाही तर डबेवालीने मिरवायचं. वहिनींकडे हीच गंमत भुलाबाईची. त्यांनी मातीची छोटी भुलाबाई स्वतः घडवून आणली होती, ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून तिच्यावर धरला होता, आणि कापडात बांधलेला एक डबा मांडवामागे लपवला होता. डोळे नुसते चमकत होते. "तुमच्यातल्या कोणाच्या बापाले ओळखू येणार नाई," असं येता येता मला दोनदा सांगून झालं होतं.

आणि डबे ओळखायची वेळ आली तेव्हा वहिनी चपला शोधत होत्या.

डबा घेऊनच गेल्या बिचाऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात उभ्या राहून त्यांनी तो उघडला. आत बोरकूट होतं. वाळवलेल्या बोरांचं, गुळाच्या चवीचं, तांबूस. "घ्या," म्हणाल्या. "कोणी विचारलंच नाई." मग आतल्या खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बाई, पुढल्या कोजागिरीपर्यंत पाहतो. नाई जमलं तं गावाकडं जातो मी. घर बंद हाय, पण अंगण तं हाय. अंगणातच मोरी हाय. चार बाया येतात, बसतात. इथं मी कुठंच शेवटपर्यंत बसली नाई."

गावाकडे त्या बंद घरात एकट्या राहणार, साखर घेऊन. मुलगा हो म्हणणार नाही, त्या ऐकणार नाहीत, आणि सगळ्यांचाच जीव टांगणीला लागणार. हे झालं त्यांचं. माझं विचाराल तर मला त्या जायला नको होत्या. बस. या वयात नवी मैत्रीण मिळते कुठे? जुन्या आहेत त्यांना ऐकू येत नाही.

"जमवू," मी म्हटलं.

"काय जमवू?"

"कुलूप."

त्याच दुपारी मी माळ्यावरून ड्रॉइंग बोर्ड काढला. ह्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "आता काय संडासाचा नकाशा?" मी म्हटलं, "हो." "छान," म्हणाले, "दिवाणखान्यात लावू." पण बोर्डाखाली ठेवायला घडी केलेली चादर त्यांनीच आणून दिली, आणि संध्याकाळचा चहाही.

नकाशा साधा होता. जुनी सेप्टिक टाकी होतीच, तिची भेग बुजवायची आणि मध्ये एक भिंत घालून दोन कप्पे करायचे. गाळ खाली बसेल, डोळ्यांना न दिसणारे जंतू तो खातील. टाकीतून येणारं पाणी एका लांबट वाफ्यात सोडायचं. वाफ्यात माती नाही, नुसती खडी, आणि खडीत कर्दळ. पाणी खडीच्या पोटातून, मुळांमधून रेंगाळत जाईल आणि पलीकडे एका छोट्या हौदात निवळून पडेल. तिथून चिंचेच्या झाडांना. मोठ्या कारखान्याचं काही नाही त्यात. आयुष्यभर मी शहराचे नळ काढले होते, हे तर एका अंगणाचं काम होतं. पण इतक्या मजेने मी कधीच रेघा ओढल्या नव्हत्या.

सरपंच बाई तरुण. नकाशा हातात धरून बराच वेळ बघत राहिल्या. "म्याडम, हे तुम्ही हातानं काढलंय? कॉम्प्युटरवर न्हाई?" मग म्हणाल्या, करू, पण पेरूवाल्या दादांचा होकार तुम्ही आणा. ते माझं ऐकत न्हाईत. ते माझे चुलतसासरे हायेत.

पेरूवाले दादा बांधावर बसून ऐकत होते. मी सगळं समजावलं. ते ऐकून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "वास यील का?"

"नाही येणार."

"आला तर?"

"तर तुम्ही बूच मारा."

"मारीनच की," ते म्हणाले. "त्यो शेवटचा हौद माझ्या बांधाकडं करा. मी रोज सकाळी वास घेणार. वास न्हाई, तर मी न्हाई. वास हाय, तर बूच हाय." इतका सरळ करार मला नोकरीत कधी बघायला मिळाला नव्हता.

टाकी दुरुस्त झाली, वाफा खणला गेला, शेजारी चाललेल्या बांधकामावरची उरलेली खडी आली. कर्दळीचे कंद प्रत्येकीने आपापल्या ओळखीतून मिळवले. लावायला आम्ही सगळ्या, पदर खोचून. वहिनी एक कंद हातात धरून बसल्या होत्या.

"मातीबिगर कसं जगन वं हे?"

"जगेल. खाणं येणार आहे त्याला."

"काय खाणं?"

मी सांगितलं. वहिनींनी आधी माझ्याकडे, मग पिवळ्या स्वच्छतागृहाकडे, मग पुन्हा माझ्याकडे पाहिलं, आणि खडीवरच फतकल मारून त्या हसायला लागल्या. "म्हणजे मी जाईन तं हे फुलन?" "हो." "बाप्पा! मंग तं मी पुण्याची बाग करून टाकतो!" आमच्या घोळक्यातल्या एक सोवळ्यातल्या काकू आहेत, त्यांनीसुद्धा तोंडाला पदर लावला. त्या दिवशी आम्हा बायकांना आवरणं कठीण होतं.

सरपंच बाईंनी ठरवलं होतं की सुरुवातीला माळ्याच्या घरची माणसं आणि बागेतल्या कामावरच्या बायका तेवढ्या किल्ली घेऊन वापरतील. वाफा रुजू दे, पावसाळा जाऊ दे, मग घटस्थापनेला कुलूप कायमचं काढू. वहिनींना मी म्हटलं, तुम्हीही किल्ली घ्या की माळ्याकडून. त्या म्हणाल्या, "नाई. किल्ली मागून जाण्यात काय मजा? सगळ्या गावाले कळते." त्यांचं बरोबरच होतं.

पावसाळ्यात कर्दळीने कमाल केली. लाल, पिवळी, ठिपक्यांची. पानं माणसाच्या खांद्याला लागायची. हौदातलं पाणी इतकं निवळ की बेडूक राहायला आले. रोज सकाळी पेरूवाले दादा बांधावरून वाकायचे, नाक हौदापर्यंत न्यायचे, "हूं," म्हणायचे आणि जायचे. ते "हूं" ऐकलं की आमचा दिवस चांगला जायचा. मी ह्यांना घरी येऊन सांगायचे, "आज पण हूं!" हे पेपर खाली न करता म्हणायचे, "अभिनंदन."

इथपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं, आणि लागलीच.

घटस्थापनेच्या आधी मी साताऱ्याला बहिणीकडे गेले होते. आता यात माझी चूक नव्हती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. मी नसताना आमच्या घोळक्याने ठरवलं की कुलूप कायमचं निघणार, तर आत आधी चांगली सफाई करून घेऊ. नवरात्राची सफाई! घरोघरी चाललीच होती. आता आपल्याकडच्या बायकांची पद्धत अशी की चार जणी मिळून काही करायचं तर रिकाम्या हाताने कोणी येत नाही. भोंडल्याला जसा प्रत्येकीचा डबा, तशी या सफाईला प्रत्येकीची बाटली. एकीने फिनेल आणलं. दुसरीने त्याहून कडक वासाचं आणलं. तिसरीने संडास घासायचं ॲसिड. एकीच्या सुनेने ऑनलाइन मागवलेलं निळं काहीतरी. एकीने ब्लीचिंग पावडरचा पुडा. आणि आणलंय म्हटल्यावर परत कसं न्यायचं? प्रत्येकीचं संपवायलाच हवं, नाहीतर तिला वाईट वाटणार! सगळ्या बाटल्या ओतल्या. फरशी अशी लखलखली म्हणे की त्यात केस विंचरता यावेत.

आणि खाली टाकीत माझे जंतू, सगळे, एकजात मेले.

मी परतले तेव्हा बागेच्या फाटकातच कळलं. आयुष्यभर नळांचे नकाशे काढणाऱ्या बाईला शेवटी त्यांचा वास आला. हौद गढूळ, बेडूक गायब, कर्दळीच्या पानांच्या कडा करपलेल्या. बांधावर पेरूवाले दादा उभे. त्यांच्या हातात लाकडाचं, तासून नीट केलेलं बूच होतं. ते त्यांनी केव्हा करून ठेवलं होतं देव जाणे. बहुधा पहिल्याच दिवशी.

"म्याडम, वास हाय."

"हो, आहे."

"करार काय झालता?"

"मला कोजागिरीपर्यंत द्या."

त्यांनी बूच हातातल्या हातात फिरवलं. "कोजागिरीला सांजच्याला येतो. तवर कुलूप लावून ठिवा. वास आसला, तर म्या बोलणार न्हाई, ठोकणार." आणि पिवळ्या दारावर कुलूप पुन्हा चढलं.

मी घोळक्याला झोक्यापाशी बोलावलं आणि जे काय बोलले ते इथे लिहीत नाही. एवढंच सांगते की आमच्या पेठेत अपमान हळू आवाजात करतात, पण मी त्या दिवशी पेठ विसरले होते. "अहो, पण स्वच्छच तर केलं ना," एक जण म्हणाली. "हो ना," मी म्हटलं, "पोटात ॲसिड ओतून घ्या, तुम्हीही आतून स्वच्छ व्हाल." सोवळ्यातल्या काकू रडायलाच लागल्या, कारण ब्लीचिंग पावडर त्यांची होती. मग मलाच त्यांना पाणी द्यावं लागलं.

वहिनी मधूनच उठून घरी गेल्या. घरी गेले तर त्यांचं दार उघडं होतं, आणि माळ्यावरची निळी बॅग खाली काढलेली, पुसून पलंगावर ठेवलेली. मी बॅगेकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नुसती पुसून ठेवली." मला असा राग आला त्या बॅगेचा! मी ती उचलली, माझ्या घरी आणली आणि आमच्या पलंगाखाली सारून दिली. हे म्हणाले, "आपण कुठे चाललोय का?" मी म्हटलं, "कोणीच कुठे चाललेलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागले. आधी टाकीत साधं पाणी सोडून ते विष धुऊन काढायला लावलं, आणि ते सगळं टँकरवाल्याकडून उपसून नेलं, म्हणजे पेरूच्या बागेत थेंब नको. मग शेवटच्या हौदाला हवा मिळावी म्हणून बुधवार पेठेत गेले. फिश टँकला लावतात तसा पंप हवा होता, पण जरा मोठा. दुकानदाराने विचारलं, "टाकी केवढी?" मी सांगितलं. "मासे कुठले?"

"मासे नाहीत."

"मग हवा कोणाला देताय?"

"जंतूंना."

त्याने खोकं काउंटरवर ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "जंतू पाळलेत?"

"पाळलेत."

"बरं. गॅरंटी पंपाची आहे. जंतू दगावले तर इथे यायचं नाही." पुण्यात जन्म घेतल्याचं सार्थक अशा वेळी होतं. बसमध्ये खोकं मांडीवर घेऊन मी एकटीच हसत होते.

पण हवेने मेलेले जंतू उठत नाहीत. नवे आणायला हवे होते. दुधाचं दही व्हायला जसं दुसऱ्या घरचं विरजण लागतं, तसं टाकीलाही दुसऱ्या चालत्या टाकीचं विरजण लागतं. आणि आख्ख्या पंचक्रोशीत चालती, सशक्त, रोज खाणारी-पिणारी टाकी एकाच ठिकाणी होती: पेरूवाल्या दादांच्या गोठ्यामागचा गोबरगॅस. म्हणजे ज्याच्या हातात बूच, त्याच्याचकडे विरजण मागायचं!

बादली घेऊन गेले. दिवस कलला होता. दादा घरी नव्हते, त्यांची म्हातारी आई ओट्यावर वाती वळत बसली होती. मी सांगितलं, आजी, तुमच्या गोबरगॅसमधली बादलीभर मळी हवी आहे.

"कशाला?"

"आमच्या टाकीला विरजण लावायला."

आजींनी वात खाली ठेवली. "विरजान? आत्ता? तिन्हीसांजंचं?" त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांची गायच मागितली. "तिन्हीसांजंला आमच्यात विरजान घराबाहीर जात न्हाई."

मी म्हटलं, अहो आजी, शेणाचं आहे ते.

"आसंना! विरजान म्हनली न्हवं तू?"

म्हटलं होतं खरं. आमच्या आईनेही दिवेलागणीनंतर कधी कोणाला विरजण दिलं नव्हतं. "बरं," मी म्हटलं, "सकाळी येते."

"ये की. आन् रिकामी बादली नको आनू. दुसऱ्याच्या घरचं विरजान घ्यायचं तर भांड्यात कायतरी घालून आनावं."

सकाळी मी बादलीत गुळाची ढेप घालून नेली. वहिनी बरोबर आल्या. मला एकटीला जमलं नसतं आणि त्यांना घरी बसवत नव्हतं. आजींनी ढेप काढून घेतली, हाताने बादलीला हळदकुंकवाचं बोट लावलं, आणि स्वतः उभं राहून गोबरगॅसच्या तोंडाची काळी, फसफसणारी मळी भरून दिली. "नांदू दे तुमच्या घरी," म्हणाल्या. वहिनींनी अगदी गंभीरपणे पदर डोक्यावरून घेतला. बांधावरून आम्ही दोघी बादलीचा एकेक कान धरून निघालो, आणि अर्ध्या वाटेत एकमेकींकडे पाहिलं मात्र, बादली खाली ठेवून हसत बसलो. पोटात दुखेपर्यंत. "बाई," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "माह्या लग्नात माही ओटी नाई अशी भरली!"

मळी टाकीत सोडली. वर थोडा गूळ, थोडं शेण कालवलेलं पाणी. फिनेल, ॲसिड, पावडर यांची नावं काढायची नाहीत, असं मी सगळ्यांना बजावलं. सोवळ्यातल्या काकूंनी स्वतःहून दारावर पाटी लावली: 'येथे बाटली आणू नये.' त्यामुळे भलताच गैरसमज व्हायला लागला म्हणून ती बदलावी लागली.

मग वाट बघणं. दही लागलं का म्हणून आपण भांडं हलवत नाही, पण मी रोज सकाळी जाऊन हौदात वाकत होते. पहिल्यांदा तसाच वास. मग जरा कमी. मग मातीचा, पावसानंतर ओल्या खडीला येतो तसा. कर्दळीला तळातून नवे कोंभ आले, गुंडाळीतले, हिरवेगार. कोजागिरीच्या आदल्या दिवशी हौदाच्या कडेला एक बेडूक बसला होता. मी त्याला चक्क नमस्कार केला. कोणी बघत नव्हतं.

कोजागिरीला ऊन उतरल्यावर आम्ही बागेत पाट मांडला. यंदा हत्तीही आणि भुलाबाईही, शेजारी शेजारी. वहिनींनी कर्दळीची लाल फुलं तोडून आणली आणि भुलाबाईपुढे ठेवली. सोवळ्यातल्या काकूंचा हात हवेतच थांबला. "ती फुलं? त्या वाफ्यातली? देवीला?"

वहिनी म्हणाल्या, "उकिरड्यावरचा झेंडू चालते ना दसऱ्याले? मंग?"

काकूंनी क्षणभर विचार केला, आणि मग एक पिवळं फूल उचलून हत्तीच्या सोंडेवर ठेवलं.

तेवढ्यात बांधावर दादा दिसले. हातात बूच आणि हातोडी. गाणी सुरू व्हायची होती, ती तशीच राहिली. ते हौदापाशी गेले, वाकले, नाक खाली नेलं. बराच वेळ तसेच. वहिनींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. दादांनी ओंजळ भरून पाणी घेतलं, नाकाशी नेलं, सोडून दिलं. उठले.

"हूं," म्हणाले.

आणि बूच पेरूच्या बागेत भिरकावून दिलं. वर म्हणाले, "आई इचारतीया, विरजान लागलं का?" आम्ही सगळ्या मिळून इतक्या मोठ्याने "लागलं!" म्हणालो की चिंचेवरचे बगळे उडाले. सरपंच बाईंनी कुलूप काढलं आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकलं.

मग गोल धरला, गाणी सुरू झाली. त्यांची आणि आमची गाणी थोडी वेगळी, चाली सारख्या. सासू, माहेर, कारल्याची वेल, सगळं एकमेकांत मिसळून गेलं. चंद्र डोंगराआडून वर येत होता. आणि ऐन रंगात वहिनींचा हात माझ्या हातातून सुटला.

मी तो सुटणं ओळखते. त्या गोलातून बाहेर पडल्या, चपला शोधल्या, मांडवामागून कापडात बांधलेला डबा उचलला. माझी गाण्याची ओळ चुकली. सवय हो, दुसरं काय. यंदा कुलूप नव्हतं, बूच नव्हतं, आणि तरी त्या घराकडे वळतील असंच मला वाटलं.

त्या माझ्यापाशी आल्या आणि डबा माझ्या हातात दिला. "धरा. उघडू नका, हां. येतोच मी."

आणि फाटकाकडे न जाता पिवळ्या दाराकडे गेल्या. आतला दिवा लागला. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही गाणं थांबवलं नाही. गोलात त्यांची जागा होती, ती कोणी सरकून भरली नाही. एकीने मला विचारलं, "काय आहे हो डब्यात?" मी डबा हलवला. काही वाजलं नाही. "शेवेचे लाडू!" "चिवडा असता तर वाजला असता." "गुळपापडी?" कापडातून बोरांचा आंबटगोड वास माझ्या नाकाशी येत होता. मला काय आहे ते माहीत होतं. मागच्या वर्षी माझ्याच दारात तो डबा उघडला होता.

आत पाणी पडल्याचा आवाज झाला, दिवा मालवला, आणि कर्दळीच्या वाफ्यापासून, पदराला हात पुसत येणाऱ्या वहिनींचा आवाज आला, "नाई! एक बी बरोबर नाई! अजून सांगा!"

त्या आल्या आणि आपल्या जागेवर उभ्या राहिल्या. हात माझ्या हातात दिला. ओला होता, गार.

"बाई, तुम्ही सांगा," त्या म्हणाल्या. डोळे मागच्या वर्षीसारखे चमकत होते.

"करंजी," मी म्हटलं.

"नाई!"

"शंकरपाळे?"

"नाई वं!"

"अनारसे? मग वड्या? नारळाच्या?" मला येत होती नव्हती ती सगळी नावं मी घेतली, एकही बरोबर सांगितलं नाही, आणि प्रत्येक नावाला वहिनी मान हलवून, हसून "नाई" म्हणत राहिल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.